नगरपालिकेच्या दारावरची गाढवं

आमच्या नगरपालिकेच्या दारावर दोन गाढवं होती. हे कुणालाही सांगितलं की समोरचा माणूस लगेच डोळे बारीक करून विचारतो, "दारावर दोनच? आणि आत?" हा विनोद मी इतक्यांदा ऐकला आहे की हल्ली कुणी करायच्या आत मीच तो उरकून टाकते. आत जागा पुरली नाही म्हणून दोघांना बाहेर उभं केलं, झालं. हसून घ्या. मग मी पुढचं सांगते.

मुख्य दाराच्या कमानीच्या दोन्ही अंगांना, पहिल्या मजल्याच्या उंचीवर दोन चौथरे होते आणि त्यांवर ही दोघं एकमेकांकडे तोंड करून उभी होती. आत विटा आणि लोखंडी सळ्या, वरून चुना-सिमेंटचा गिलावा. खऱ्या गाढवाहून थोडी थोराड. पाठीवर भरलेल्या गोण्या, मान किंचित खाली आणि कान मात्र ताठ. आमचं शहर टेकडीवर वसलेलं. नळ यायच्या आधी इथलं पाणी, दगड, वाळू, सगळं गाढवांच्या पाठीवरून वर आलं. नगरपालिकेची इमारतसुद्धा तशीच आली. म्हणून ती बांधून झाल्यावर त्या वेळच्या लोकांनी ठरवलं की या शहराचं चिन्ह गाढव असेल. त्यांना लाज नव्हती म्हणा, नाहीतर अक्कल होती म्हणा. शिक्क्यावर गाढव आलं, कचऱ्याच्या गाड्यांवर आलं, शाळेच्या प्रशस्तिपत्रकांवरही आलं. मी वर्गात पहिली आले त्याचा पुरावा म्हणून माझ्याकडे एक गाढव आहे, आणि ते भिंतीवर लावायचं की कपाटात ठेवायचं यावरून आमच्या घरी भांडण झालेलं मला आठवतं.

दारावरची गाढवं माझ्या आजोबांनी घडवली आणि माझ्या काकाने जन्मभर सांभाळली. मी सांगतेय ती गोष्ट काकाची आहे.

काका नगरपालिकेत गवंडी होता. गटारं, शाळांच्या भिंती, बाजारातली स्वच्छतागृहं, जिथे काही फुटलं तिथे थापी घेऊन जायचं हे त्याचं काम. गाढवांची देखभाल त्याच्या कामात कुठेच बसत नव्हती. त्याने ती स्वतःहून अंगावर घेतली होती. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तो शिडी लावून वर चढायचा आणि आधी कान बघायचा. सगळं दुखणं कानांतच होतं. कानातल्या सळीला गंज चढायचा, गंज फुगला की वरचा गिलावा तडकायचा आणि त्या भेगेतून पुन्हा पाणी आत जायचं. काका तेवढा भाग उकरून काढी, सळी घासून तांबडा रंग लावी, बारीक चाळलेल्या वाळूचा गिलावा चढवी आणि तो हळूहळू वाळावा म्हणून कानांना ओली पोती गुंडाळून ठेवी. डोक्याला पोती बांधलेली ती गाढवं बघून येणारे-जाणारे खालून विचारायचे, "काय हो, पडसं झालंय का दोघांना?" काका वरूनच सांगायचा, "थोडं. पण खातायत-पितायत." लोक त्याला गाढववाले म्हणायचे. त्याला ते मानाचं वाटायचं.

शिकायला म्हणून मी काकाच्या घरी आले आणि पुढे नगरपालिकेतच आवक-जावकच्या टेबलावर चिकटले, त्यामुळे तिथेच राहिले. नगरपालिकेच्या मागच्या चाळीतल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत आजोबांची कॉट आणि काकाची अवजारं, मागच्या खोलीत आम्ही सगळे. भिंतीपलीकडे झाडू आणि फिनेलची कोठी, त्यामुळे आमच्या घराला कायम दवाखान्यासारखा वास. काकू कणीक मळायला बसली की काका त्यातला गोळा उचलून त्याचा कान करून बघायचा. "इथे जरा पातळ घेतला तर वजन कमी होईल," असं स्वतःशीच बोलायचा. काकू म्हणायची, "तो कान परत परातीत टाका. पोळी कमी पडली तर तुम्हाला वाढणार नाही." तिला मूल नव्हतं आणि नवऱ्याला दोन गाढवं होती. हे माझं नाही, तिचंच वाक्य आहे.

काकाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आजोबांनी एकदा नगरपालिकेसमोर येऊन उभं राहावं, वर बघावं आणि म्हणावं, चांगलं ठेवलंस. एवढंच. पण आजोबा तिकडे फिरकत नसत. बाजारात जायचा सरळ रस्ता नगरपालिकेवरूनच जात होता. आजोबा मात्र अग्निशमन केंद्राच्या मागच्या बोळातून, गटार ओलांडून, वळसा घालून जायचे. काका हे मोठ्या कौतुकाने सांगायचा. "खरा कलावंत असाच असतो गं. काम हातावेगळं केलं की मागे वळून बघायचं नाही. कसलाही गर्व म्हणून नाही." मी एकदा म्हटलं, "काका, गर्व नसणं वेगळं आणि गटार ओलांडणं वेगळं." त्याने माझ्याकडे कीव करून बघितलं.

आणि दुसरी गोष्ट हाकेची. आजोबा काकाला कधीच नावाने हाक मारत नसत. "गाढवा, इकडे ये." "गाढवा, पाणी आण." काका हे ऐकतच मोठा झाला. दुसऱ्या कुणाच्या घरात पोर रडलं असतं किंवा निर्ढावलं असतं. पण आमच्या घरात गाढव म्हणजे काय? वडिलांनी घडवलेली, सगळ्या शहराने दारावर चढवलेली सर्वांत मोठी वस्तू. काकाला वाटायचं, बाबा आपल्याला आपल्या कामाचं नाव देतात. शाळेत मास्तर त्याला चिडून "गाढव आहेस" म्हणाले तेव्हा हा पठ्ठ्या खुशीत "होय सर" म्हणाला आणि उलट हसला म्हणून मार खाऊन आला. घरी येऊन त्याने हे आजीला सांगितलं. आजी उठून आत गेली. तिला हसू आवरत नसणार, असं तो मला सांगायचा. माझ्या वडिलांना, म्हणजे त्याच्या धाकट्या भावाला, आजोबा नावाने हाक मारत. काकाला त्यांची दया यायची.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना आम्हाला नवे नगराध्यक्ष लाभले.

माणूस वाईट नव्हता. रस्ते झाडून घ्यायचा, वेळेवर यायचा, पण चारचौघांत कुणी हसलेलं त्याला खपत नसे. कुठल्यातरी मोठ्या शहरात सगळ्या नगराध्यक्षांची बैठक झाली, तिथे प्रत्येकाच्या कोटावर आपापल्या शहराचा बिल्ला. परत आल्यावर ते आमच्या हेडक्लार्कला सांगत होते तेव्हा मी टपाल घेऊन तिथेच उभी होते. "एकाच्या छातीवर सिंह, एकाच्या गरुड. माझा बिल्ला बघून शेजारचा विचारतो, हा ससा का हो? आता काय सांगणार? मी म्हटलं, हो, ससा." हेडक्लार्क हसला आणि लगेच खोकला. साहेबांना मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

पुढच्याच सभेत ठराव आला की शहराच्या प्रगतीला शोभेल असं चिन्ह हवं. कुणी सिंह सुचवला. इंजिनिअर म्हणाले, दारावरची जनावरं पाडून नवी करणं परवडणार नाही, आणि आहेत त्यांतून सिंह काढणं अवघड आहे. पण गाढवापासून घोडा जवळ पडतो. कान कमी करायचे, मान उचलायची, शेपूट भरायची, गोण्यांच्या जागी खोगीर. सभागृहातली निम्मी मंडळी स्वतःच खोगीरभरतीची, त्यांनी हात वर केले. ठराव मंजूर झाला.

काकाला हे मी सांगितलं. तो बाजारातल्या मुतारीची फरशी बसवत होता. त्याने हातातली फरशी खाली ठेवली आणि म्हणाला, "असं करता येत नाही." मी म्हटलं, "अरे, ठरलंय." तो म्हणाला, "ज्याने केलं तो माणूस जिवंत आहे. त्याला न विचारता कसं करतील?"

तसाच सिमेंटच्या हातांनी तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. मी मागे. जन्मात कधी त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकलेला माणूस, पण त्या दिवशी त्याची जीभ अडखळली नाही. "साहेब, माझे वडील हयात आहेत. त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं काम आहे ते. त्यांनी नाही म्हटलं तर तुम्ही कानाला हात लावायचा नाही." साहेबांनी जरा विचार केला. म्हातारा कलाकार, त्याचं काम तोडलं, पेपरात फोटो, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. ते म्हणाले, "ठीक आहे. मी स्वतः त्यांना भेटतो. ते नको म्हणाले तर विषय संपला. माझा शब्द आहे."

काका बाहेर आला तो जिंकूनच. जिन्यावरून उतरताना मला म्हणाला, "आता बाबांना बोलावंच लागेल बघ." मला तेव्हा कळलं की त्याला नुसती गाढवं वाचवायची नव्हती. आजवर जे शब्द आजोबांनी त्याला दिले नव्हते, ते आता साहेबांसमोर, साक्षीने, त्याच्या कानावर पडणार होते. तो घरी येऊन पुढची खोली झाडायला लागला, अवजारं कॉटखाली सारली, काकूला चांगले कप काढायला लावले. आजोबांना फक्त एवढंच सांगितलं की साहेब तुम्हाला भेटायला येतायत, तुमच्या कामाबद्दल बोलायचंय. आजोबांनी दाढी करून घेतली.

साहेब संध्याकाळी आले. आमच्या एकुलत्या एक धड खुर्चीवर बसले, फिनेलचा वास त्यांनी सोसला, चहाचं कौतुक केलं. मग सरळ विषयाला हात घातला. "आजोबा, तुमच्या गाढवांचे घोडे करायचं आमच्या मनात आहे. पण ते काम तुमचं. तुमची हरकत असेल तर आम्ही हात लावणार नाही."

आजोबा बशीतला चहा फुंकत होते. ते फुंकतच राहिले. काकाला वाटलं, ते गहिवरले. तो पुढे सरसावला. "साहेब, ते बोलून दाखवणार नाहीत. त्यांचा किती जीव आहे त्या कामात ते मी सांगतो. मला आजवर एकदा नावाने हाक मारली नाही त्यांनी. लहानपणापासून लाडाने गाढवा म्हणतात."

साहेबांना हसावं की न हसावं कळेना. ते माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे.

आजोबांनी बशी खाली ठेवली. "लाडाने?" ते म्हणाले. "अरे, अकलेने गाढव म्हणून गाढव म्हणतो. त्यात लाड कसले आले?"

काका हसला. खरंच हसला, कारण त्याला वाटलं की बाबा परक्या माणसासमोर थट्टा करतायत. तो आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिला, कुणीतरी आपल्याबरोबर हसेल म्हणून. कुणीच हसलं नाही.

"साहेब," आजोबा म्हणाले, "मला काय गाढवं करायची होती? मी या गावात आलो तेव्हा डोक्यात घोडा होता. मागच्या पायांवर उभा असलेला. नगरपालिका बांधतायत, मोठं काम आहे, असं ऐकून आलो होतो. यांनी सांगितलं गाढव. पोटाला हवं होतं, केलं. त्यानंतर मला काम दिलं कुणी? कुणाला बंगल्याच्या फाटकावर सिंह हवा असला की म्हणायचे, तो गाढववाला नको, आमच्या सिंहाचं गाढव करून ठेवेल. सगळा जन्म मी लोकांच्या मोऱ्यांना गिलावा करत काढला. त्या दोन जनावरांनी मला खाल्लं साहेब. वाटायचं, एखाद्या पावसाळ्यात पडतील त्यांचे कान, पडतील मुंडकी, आणि लोक विसरतील एकदाचे." मग त्यांनी काकाकडे बोट केलं. "पण हा आहे ना. दर वर्षी शिडी लावून वर चढतो, त्यांना धडधाकट करून खाली येतो, आणि वर मला येऊन सांगतो की बाबा, यंदा डाव्या कानाचं काम छान झालं."

मागच्या खोलीच्या दारात काकू उभी होती. तिने साहेबांना विचारलं, "अजून चहा घेणार का?" तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. साहेब नको म्हणाले आणि उठायला लागले.

"कापा कान," आजोबा म्हणाले. "पण परक्या माणसाचा हात लागू देऊ नका. तो वेडंवाकडं करून ठेवेल आणि तेही माझ्याच नावावर बसेल. हा करेल. मी खाली बसून सांगेन तसं."

साहेबांनी काकाकडे बघितलं. तो मान डोलवत होता. कशाला हो म्हणतोय हे त्याला कळत होतं की नाही, देव जाणे.

साहेब गेल्यावर माझा तोल सुटला. आजोबांना बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी सगळं काकावर काढलं. म्हटलं, नाही म्हणून सांग, रजा टाक, हात मोडल्याचं सोंग कर, पण हे करू नकोस. काका जेवत होता. तो म्हणाला, "बाबांनी सांगितलंय." काकू म्हणाली, "बाबांनी आणखीही काही सांगितलं. ते ऐकलंत का?" काका म्हणाला, "ऐकलं. आमटी जरा वाढ."

बांबूंची परांची बांधली गेली. आणि कामाच्या पहिल्या सकाळी आजोबा घडीची खुर्ची बगलेत मारून निघाले. वळशाने नाही, सरळ रस्त्याने. नगरपालिकेच्या समोर, गाड्या लावतात तिथे सावली बघून त्यांनी खुर्ची मांडली आणि वर बघितलं. मी खिडकीतून पाहत होते. इतक्या वर्षांनी ते आपली गाढवं बघत होते, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. दुकानदार जुना माल बघतो तसे बघत होते.

आधी कान. काकाने छिन्नीने मुळाशी चर पाडला, सळी उघडी केली आणि हॅक्सॉने कापली. त्याचं स्वतःचंच काम ते, दर वर्षीचं. सळीवरचा तांबडा रंग अजून ताजा होता. गिलावा इतका पक्का की पहिला कान सुटेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. खालून आजोबा ओरडले, "कशाला एवढं मजबूत करून ठेवलंस!" रस्त्यावरचे लोक हसले. कान खाली पोत्यांवर पडला आणि त्याचे तुकडे झाले. नंतर राडारोडा उचलणारी गाडी ते तुकडे घेऊन गेली आणि बाजाररस्त्यावरच्या खड्ड्यांत टाकून आली. चारही कानांवरून आता बसेस जातात.

मी रोज वाट बघत होते की काका काम टाकून खाली उतरेल. तसं झालं नाही. उलट काहीतरी वेगळंच व्हायला लागलं. मान कशी हवी हे आजोबांना खालून ओरडून सांगता येईना, तेव्हा त्यांनी पायरीवर खडूने घोड्याची मान काढून दाखवली. या वयात हात जरासुद्धा थरथरला नाही. काका खाली उतरून त्यांच्याशेजारी उकिडवा बसला. "इथे सळी वाकवली तर?" "वाकव, पण एकदम नको. कानशिलापासून सुरुवात कर." डोक्याला डोकं लावून दोघं बसलेले. दुपारी आजोबांनी स्वतः टपरीवरून दोन चहा आणले आणि एक त्याच्या हातात दिला. तीन-चार दिवसांनी तर कहर झाला. आजोबांनी त्याला नावाने हाक मारली. काका वर काम करतच राहिला. कुणाला बोलावतायत ते त्याला कळलंच नाही. शेजारच्या मजुराने त्याला हलवून सांगितलं, "अहो, तुम्हालाच."

त्या दिवसांत काका सुखात होता. हे सांगताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो, पण होता. शिट्टी वाजवत घरी यायचा. जेवताना आजोबा आणि तो आयाळीबद्दल बोलायचे, आयाळ उडालेली हवी की पडलेली. काकू दोघांना वाढायची आणि स्वतः मागच्या पायरीवर जाऊन जेवायची.

एकदा मी परांचीवर चढून त्याच्याजवळ गेले. तो खोगिराची किनार कोरत होता. मी हळूच म्हटलं, "काका, निदान मुद्दाम बिघडव ना. वाकडा कर. लोकांनी खेचर म्हणून हसलं पाहिजे. साहेबांची जिरेल." त्याने माझ्याकडे बघितलं, मग खाली खुर्चीकडे.

"बाबा बघतायत गं," तो म्हणाला.

आणि घोडे चांगले झाले. इथेच तर सगळा घोळ आहे. वाईट झाले असते तर मी आजही शिव्या घालू शकले असते. पण मान अशी उचललेली, नाकपुड्या अशा फुललेल्या, आयाळ मागे उडालेली, की बाहेरगावचा माणूस थांबून बघतो. गाढवांच्या पाठीवरच्या गोण्यांच्या जागी नक्षीचं खोगीर आहे, त्यावर बसायला कुणी नाही. आमच्या शहरात घोडा कधीच नव्हता. टेकडीवरचा चढ बघून घोडेवाले खालूनच परत जायचे, असं जुने लोक सांगतात. आता शिक्क्यावर घोडा, कचऱ्याच्या गाड्यांवर घोडा. नवीन मुलांना वाटतं, पहिल्यापासून घोडाच होता.

अनावरणाच्या दिवशी मांडव घातला होता. साहेबांनी दोरी ओढली, पडदे पडले, टाळ्या झाल्या. साहेब शहराच्या घोडदौडीवर बराच वेळ बोलले. मग त्यांनी आजोबांना फुलांचा गुच्छ दिला आणि माइकसमोर आणलं. आजोबांना वाटलं होतं नुसतं उभं राहायचंय. त्यांनी माइककडे बघितलं, वर घोड्यांकडे बघितलं, आणि म्हणाले, "हे माझं काम नाही. माझ्या मुलाचं आहे. मला जे करायला मिळालं नाही ते त्याने केलं."

मग ते मंचावरून उतरले. गर्दीत शेवटच्या रांगेमागे काका उभा होता, धुतलेला सदरा घालून, नखांत चुना तसाच. लोकांनी वाट करून दिली. आजोबांनी सगळ्यांच्या देखत त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाब्बास. चांगलं केलंस." पेपरवाल्याने फोटो काढला. काकाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. बापलेकाचं प्रेम बघून शेजारच्या बाईनेही डोळे पुसले. मला तिथे उभं राहवेना. मी ऑफिसात जाऊन माझ्या टेबलाशी बसले आणि कुणीतरी येऊन पेढा की काय ते देत होतं, त्याला हाकलून दिलं.

घरी आले तेव्हा काका मागच्या नळाशी बसून ब्रशने नखं घासत होता. काकू आत होती, भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता. मी दाराला टेकून उभी राहिले. मनात इतका राग होता की तो कुणावर आहे हेच मला कळत नव्हतं. मी टोचूनच विचारलं, "मग? ऐकलंस ना एकदाचं? बरं वाटलं का?"

मला वाटलं तो म्हणेल, काय बरं वाटणार गं. मी त्याच्या गळ्यात पडायच्याच तयारीत होते. तो बोटांच्या पेरांवरून ब्रश फिरवत राहिला. चुना निघाला होता, तरी घासत राहिला.

"वाटलं," तो म्हणाला. "फार बरं वाटलं. तेच तर मला सहन होत नाहीये."

आतून आजोबांनी हाक मारली. तो उठला आणि ओल्या हातांनीच आत गेला.